झाकण म्हणजे झाकण

विद्यापीठाच्या विज्ञान इमारतीसमोर झेरॉक्सचं एक दुकान आहे. ते चालवणाऱ्या बाईला सगळे विद्यार्थी ताई म्हणतात. कोणते प्राध्यापक पदवीच्या पोरांना प्रयोगशाळेत घेतात, कोण पत्राला उत्तर देतात आणि कोण वर्षभर बाटल्या धुवून घेऊन शेवटी तोंडाला पानं पुसतात, हे कुठल्याच फलकावर लिहिलेलं नसतं. ते ताईला विचारायचं. पोरांचे अर्ज तिच्याच यंत्रातून निघतात, आणि पुढे त्यांचं काय झालं तेही तिच्याच कानावर येतं.

सल्ला ती अगदी मनापासून देते. फक्त वनस्पतिशास्त्राच्या एका सरांचं नाव अर्जावर दिसलं की यंत्र थांबवते. त्या सरांना ती आयतोबा म्हणते. गेल्या नऊ वर्षांत तिनं त्यांच्या दारात एक पोर फिरकू दिलेलं नाही. सापासारखा डूख धरलाय तिनं, आणि त्याची तिला जराही लाज नाही.

का असावी? दुसऱ्या वर्षाला असताना तिनं चौदा महिने याच आयतोबांकडे काम केलं होतं. गच्चीवरच्या टाकीच्या भिंतीचं शेवाळ खरवडून ती वाळवायची, बंद डब्यात ठेवायची आणि डब्यातल्या हवेचं मोजमाप रोज लिहायची. कडकडीत वाळलेलं, मेल्यासारखं दिसणारं ते शेवाळ आत अगदी हळू श्वास घेत होतं. हे पहिल्यांदा तिनं पाहिलं. त्या शोधाचा पेपर छापून आला तेव्हा त्यावर सरांचं नाव होतं आणि सरांच्या भाच्याचं होतं. भाचा प्रयोगशाळेत फक्त चहा प्यायला येत असे. ती जाब विचारायला गेली, तर सर भर व्हरांड्यात म्हणाले, "तुला अनुभव मिळाला ना? मग झालं तर!" त्या नावाच्या जोरावर पुढचा प्रवेश मिळायचा होता. तो गेला, आणि त्या दिवसापासून तिनं ती इमारत टाकली.

त्या सकाळी दुकानात एकच गिऱ्हाईक होतं, पहिल्या वर्षाची एक चष्मेवाली मुलगी. कोपऱ्यातल्या संगणकावर तिचा अर्ज उघडा होता आणि वर आयतोबांचं नाव होतं.

"इथे नको जाऊस," ताई म्हणाली.

"ताई, बत्तीस जणांना पत्रं पाठवली. एकाचंही उत्तर नाही. आणि शेवाळावर दुसरं कोण काम करतं इथे?"

"शेवाळ राहू दे. माणूस बघ."

एवढ्यात दारात आयतोबा स्वतः उभे राहिले. नऊ वर्षांत पहिल्यांदा. विभागाचा प्रिंटर बंद पडला होता. हातातला कागद त्यांनी पुढे केला. पदवीचे दोन विद्यार्थी पाहिजेत, शुक्रवारपर्यंत.

"पन्नास प्रती द्या," ते म्हणाले. "दोन पोरं दाखवल्याशिवाय प्रकल्प मंजूर करत नाहीत म्हणे. आणि पोरं तर येतच नाहीत हो माझ्याकडे. काय झालंय हल्लीच्या मुलांना, कळत नाही."

ताईला कळत होतं. तिला इतका आनंद झाला की कागद यंत्रात उलटा गेला. तो सरळ करता करता तिनं सहज विचारावं तसं विचारलं, "सर, ते वाळलेल्या शेवाळाचं काम चालू आहे का अजून?"

"तुम्हाला काय माहीत त्याचं?"

"मी होते तुमच्याकडे. चौदा महिने."

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "असाल, असाल. बरीच मुलं असायची तेव्हा." खरोखरच आठवत नव्हतं त्यांना. ज्या माणसासाठी तिनं नऊ वर्षं दातओठ खाल्ले, त्याच्या खिजगणतीतही ती नव्हती. "ते काम फसलं हो. पुढच्या वर्षी भाच्यानं परत करून पाहिलं, तर सगळं शून्य. शेवाळ श्वासबिस काही घेत नव्हतं. पेपर मागे घ्यावा लागला. चारचौघांत नाक कापलं गेलं. तुमचं नाव नव्हतं त्यावर, सुटलात तुम्ही."

 म्हणजे ताईनंच चुकीचं मोजलं होतं? चोरीला गेलेली वस्तू मुळात खोटीच होती? मग या नऊ वर्षांचं करायचं काय?

"डबा कोणता घेतला होता?" तिनं विचारलं.

"तोच आपला जुना."

"झाकणाला काय लावलं होतं?"

"झाकणाला काय लावायचं? झाकण म्हणजे झाकण!"

 त्या डब्याचं झाकण एका कोपऱ्यात बसत नसे. नवा डबा मागितला, तेव्हा हेच सर म्हणाले होते, चालवून घे. म्हणून ती रोज सकाळी, सर यायच्या आत, झाकणाभोवती चिकटपट्टीचे तीन वेढे घट्ट बसवायची. वहीच्या पहिल्या पानावर तसं ठळक लिहिलंही होतं. यांनी काम उचललं आणि वही उघडलीसुद्धा नाही. बाहेरची हवा आत येत राहिली, आणि मोजमापाचा काटा हलला नाही. तिचं मोजमाप खरं होतं. या शहाण्यानं एक खरा शोध स्वतःच्या हातानं खोटा ठरवून मागे घेतला होता.

शब्द जिभेवर आले होते. एक वाक्य, आणि हा माणूस आजच्या आज मान वर करून विभागात फिरला असता. तिनं ते वाक्य गिळलं. पन्नास प्रती मोजल्या, टोकं जुळवली, त्यांच्या हातात दिल्या.

"येतील ना हो मुलं?" आयतोबांनी विचारलं.

"प्रयत्न करत राहा, सर."

ते रस्ता ओलांडून जाईपर्यंत ती बघत राहिली. इतकं बरं तिला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

मागून चष्मेवालीचा आवाज आला. "ताई, झाकणाला काय लावायचं असतं?"

ताई वळली. एवढ्या बोलण्यातून पोरीनं नेमकं तेवढंच उचललं होतं. ताईनं स्टूल ओढलं, शेजारी बसली आणि सगळं सांगितलं, डबा, फट, चिकटपट्टी, मोजमापं. मग अर्जावरचं आयतोबांचं नाव खोडायला लावून तिसऱ्या मजल्यावरच्या, बियाण्यांवर काम करणाऱ्या प्राध्यापक बाईंचं घालायला लावलं; विषय मात्र शेवाळाचाच ठेवला. त्या बाईंची जीभ सुरीसारखी चालते, पण बाटल्या धुणाऱ्याचंसुद्धा नाव त्यांच्या पेपरवर असतं.

"म्हणजे तो पेपर खरा होता," मुलगी म्हणाली. थोडी घुटमळली. "सरांना सांगायला नको?"

"सांगू की. छापून सांगू."

मुलगी हसली नाही. तिनं विचार केला, आणि मान हलवली. "मग अर्जात मूळ निरीक्षण कुणाचं म्हणून लिहू?"

ताईनं स्वतःचं पूर्ण नाव सांगितलं, वडिलांच्या नावासकट, आणि एकेक अक्षर बरोबर उमटतंय ना, ते पडद्याजवळ वाकून बघत राहिली.