सायकलवाल्याची टोपी

रविंद्रने तो सिनेमा पहिल्यांदा पाहिला तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता. डहाणू रोडला एका सीडीच्या दुकानात तो कामाला होता. बोट किनाऱ्याला लागलेली असली की झाईचा मच्छीमार मित्र धर्मेश बस पकडून त्याच्याकडे यायचा आणि दोघं दुकानाच्या मागच्या खोलीत सिनेमे बघत बसायचे. बाकीचे सिनेमे एकदा बघून संपायचे. हा संपेना.

गोष्ट तशी साधी होती. तीन चोर, एक बँक, फसलेला बेत. पण ती सरळ सांगितलेली नव्हती. शेवट आधी यायचा, सुरुवात शेवटी. लाल मफलरवाला ड्रायव्हर पहिल्या अर्ध्या तासातच गोळी लागून मरायचा आणि अगदी अखेरीस, म्हणजे खरं तर सगळ्याच्या आधी, भिंतीला टेकून उन्हात संत्रं सोलत बसलेला दिसायचा. धर्मेशला ते फार आवडायचं. "मेला तरी आहेच बघ," तो म्हणायचा.

एका प्रसंगाला मात्र दोघं हसून लोळायचे. चोरांची गाडी पळताना एका सायकलवाल्याला उडवते. माणूस पडद्याबाहेर फेकला जातो, त्याची टोपी बॉनेटवर येऊन पडते. गाडीत सगळे गप्प. मग ड्रायव्हर शांतपणे म्हणतो, टोपी तर चांगली होती. रविंद्रने ते इंग्रजी वाक्य मराठीत आणलं आणि ते दोघांचंच होऊन गेलं. मासळीची टोपली सांडली तरी तेच, धर्मेशचं पहिलं ठरलेलं लग्न मोडलं तेव्हाही तेच.

पुढे सीड्या कोणी घेत नाही म्हणून दुकान बंद पडलं. रविंद्र सरावलीला राहून लग्नाकार्याला स्पीकर आणि प्रोजेक्टर भाड्याने देऊ लागला. एक जुनी व्हॅन घेतली. योगिताशी लग्न झालं. २०१४ च्या नोव्हेंबरात धर्मेश आला आणि म्हणाला, "दमणहून थोडी खोकी आणायची आहेत. दारूची. तू फक्त गाडी चालव."

रविंद्र हो म्हणाला. पैशाची फार नड होती असंही नाही. खरं सांगायचं तर त्याला ते एकदा करून बघायचं होतं. निघताना त्याने काळा चष्मा लावला, धर्मेशने गळ्यात रुमाल बांधला, आणि दोघांना एकमेकांकडे बघून बरं वाटलं.

खोकी घेऊन परतताना किनाऱ्याच्या रस्त्यावर तपासणी आहे असं कळलं म्हणून त्यांनी तलासरीकडून आतला रस्ता धरला. दुपारचे तीन वाजले होते. मागे एक जीप दिसली. ती पोलिसांची आहे की नाही हे बघायला रविंद्रने आरशात नजर टाकली, आणि पाय ॲक्सिलरेटरवरच राहिला. वळणावर एक बाई डोक्यावर गवताचा भारा घेऊन चालली होती.

आवाज फार मोठा झाला नाही. काचेवर सगळं गवतच गवत झालं. रविंद्रने वायपर लावला. गाडीत कोणी बोलेना. मग धर्मेश, ओठ कोरडे पडलेले, म्हणाला, "टोपी तर चांगली होती."

आणि रविंद्र हसला. त्याला हसायचं नव्हतं, पण हसू आलं. धर्मेशही हसला. पुढच्या वळणापर्यंत दोघं हसत होते. वळणाच्या आधी रविंद्रने आरशात पाहिलं. बाई रस्त्याच्या कडेला पडली होती आणि तिचा एक हात हलत होता. जीप केव्हाच दुसरीकडे वळून गेली होती. त्याने गाडी थांबवली नाही. थोड्या वेळाने धर्मेशने खिडकीबाहेर तोंड काढून उलटी केली.

तिसऱ्या दिवशी पेपरात चार ओळी आल्या. अज्ञात वाहनाच्या धडकेत जिवली नावाची चाळीस वर्षांची बाई ठार. खाली पाड्याचं नाव होतं. कोणाला काही बोलायचं नाही असं दोघांनी ठरवलं, आणि हळूहळू एकमेकांशीही बोलेनासे झाले.

चार वर्षं गेली. २०१९ च्या जानेवारीत रुपल मॅडमनी रविंद्रला प्रोजेक्टरसाठी बोलावलं. त्या कॉलेजात शिकवायच्या आणि महिन्यातून एकदा वाचनालयाच्या हॉलमध्ये जुना सिनेमा दाखवायच्या. कोणता सिनेमा आहे हे रविंद्रला पेन ड्राइव्ह लावल्यावर कळलं. चालू करून बाहेर जाऊन उभं राहावं असं त्याने ठरवलं. पण पहिलं दृश्य आलं, ते संगीत सुरू झालं आणि तो खुर्चीतून उठू शकला नाही.

वाईट हे की सिनेमा अजूनही तितकाच सुंदर होता. ती माणसं तशीच ऐटीत चालत होती, मरणाच्या दारात उभी राहून जेवणाच्या गप्पा मारत होती. पुढे काय होणार हे माहीत असूनही प्रत्येक तुकडा नवा वाटत होता. आपण अंधारात हसतोय हे रविंद्रच्या एकदम लक्षात आलं आणि त्याने तोंडावर हात धरला.

मग सायकलवाला आला. टोपी बॉनेटवर पडली. हॉलमधली साठ माणसं खदखदून हसली. तेच हसू होतं.

उरलेला सिनेमा रविंद्र फक्त त्या माणसाची वाट बघत राहिला. ड्रायव्हर परत आला, बँकेतला पहारेकरी परत आला, गोष्ट मागेपुढे करून मेलेल्या सगळ्यांना पुन्हा एकदा ऊन दाखवलं गेलं. सायकलवाल्याच्या वाट्याला दुसरा तुकडा आला नाही. वीस वेळा तरी पाहिला असेल, पण हे त्याला कधी जाणवलंच नव्हतं.

दिवे लागल्यावर रुपल मॅडमनी विचारलं, "पंचवीस वर्षं झाली, तरी हा सिनेमा लोकांना का आवडतो?"

एक मुलगी म्हणाली, "यात कोणी कायमचं मरत नाही, म्हणून."

"सायकलवाला मरतो," रविंद्र प्रोजेक्टरमागून म्हणाला.

मॅडम हसल्या. "तो तर अर्ध्या मिनिटापुरता आहे हो."

घरी आल्यावर त्याने योगिताला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मला कशाला सांगतोस? तिच्या घरी जाऊन सांग."

दुसऱ्या दिवशी तो आधी झाईला गेला. धर्मेश किनाऱ्यावर जाळं दुरुस्त करत होता. त्याने मान वर केली नाही. "मी त्या गाडीत नव्हतो," तो म्हणाला.

"धर्मेश, तू होतास."

"मला दोन मुली आहेत. मी नव्हतो. आता जा."

रविंद्र तिथून पाड्यावर गेला. जिवलीचा नवरा, त्याचं नाव धाकल्या, अंगणात बसून टोपली विणत होता. पन्नाशीचा, सुकलेला माणूस. त्याने पाणी दिलं. रविंद्रने तांब्या खाली ठेवला आणि सांगून टाकलं.

धाकल्याचे हात थांबले. "हाल्याचा टेम्पो नव्हता?"

"नाही दादा. माझी व्हॅन होती."

"आमच्या पाड्यावरच्या हाल्याचा टेम्पो त्याच दुपारी त्याच रस्त्यानं गेला होता. पुढनं चेपला होता." धाकल्या रविंद्रकडे नाही, टोपलीकडे बघून बोलत होता. "तो सांगत होता, म्हशीला ठोकला म्हणून. आम्ही ऐकलं नाही. पाच जणांनी धरला. पायावर मी मारलं."

"ती लगेच गेली का?" धाकल्याने विचारलं.

"हात हलत होता."

"तुम्ही बघितलं?"

"हो."

"मग काय केलं?"

खोटं बोलणं सोपं होतं. घाबरलो असं म्हटलं असतं तर ते अर्धं खरंही होतं. "हसलो," रविंद्र म्हणाला. "एका सिनेमातलं वाक्य आठवलं म्हणून हसलो. आणि गेलो."

धाकल्या उठून घरात गेला. तो कोयता घेऊन येईल असं रविंद्रला वाटलं, आणि तो जागचा हलला नाही. धाकल्या बाहेर आला तो शर्ट घालून.

"चल."

"पोलिसांकडे?"

"आधी हाल्याकडं. मला एकट्याला त्याच्यासमोर जाववणार नाही."

हाल्या आता चिखल्याला एका चिकूच्या वाडीत राखणदार होता. टेम्पो विकला होता. डावा पाय गुडघ्यापासून आत वळलेला. धाकल्या फाटकाबाहेरच उभा राहिला आणि रविंद्रला म्हणाला, "बोल." रविंद्रने दुसऱ्यांदा सगळं सांगितलं.

हाल्याने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. रविंद्रकडे त्याने पाहिलंही नाही. "मी हेच सांगत होतो ना?" तो धाकल्याला म्हणाला. "तुझ्या पाया पडून सांगत होतो."

"हो," धाकल्या म्हणाला. "पाड्यावर परत चल. मी सगळ्यांसमोर सांगतो."

"सांग की. मी कशाला पाहिजे त्याला?" हाल्याने फाटक ओढून घेतलं आणि काठी टेकत झाडांत निघून गेला.

तलासरीच्या ठाण्यात जबाब लिहून घेणाऱ्या हवालदाराला तीनदा कागद बदलावा लागला. रविंद्र सारखा गाडीतल्या त्या हसण्यापासूनच सुरुवात करत होता. "सुरुवातीपासून सांग, एकामागून एक," हवालदार म्हणाला. शेवटी दोन पानं झाली. हसण्याचं त्यात आलं नाही. त्याची गरज नाही, असं हवालदाराने सांगितलं.

अटक झाली, जामीन झाला, व्हॅन जप्त झाली. धर्मेशला बोलावून विचारलं, पण त्याच्याविरुद्ध रविंद्रच्या शब्दाखेरीज काही नव्हतं. सरावलीतले लोक रविंद्रला कामाला बोलवेनासे झाले. योगिता टिफिनचे डबे करू लागली. ती त्याच्याशी बोलत होती, पण कामापुरतं.

खटल्याच्या प्रत्येक तारखेला धाकल्या डहाणूच्या कोर्टात यायचा आणि बाहेरच्या बाकावर रविंद्रपासून दूर, दुसऱ्या टोकाला बसायचा. बोलायचा नाही. डिसेंबरातल्या तारखेला रविंद्रने धीर करून विचारलं, "हाल्या भेटतो का?"

"दर रविवारी जातो," धाकल्या म्हणाला. "गेल्या खेपेला फाटकापर्यंत आला."

"काही बोलला?"

"नाही."

आतून रविंद्रच्या नावाचा पुकारा झाला. तो उठला.