भंडाऱ्याचे वांगे

भंडाऱ्याची, महाप्रसादाच्या पंगतीची भाजी करावी तर तानबाच्या वाडीतल्या वांग्यांची, असं देवळीकडं लोक म्हणतात. तानबा ऐकून न ऐकल्यासारखं करतो. पण खोटं कशाला बोला, मिशीतल्या मिशीत हसतोच.

तर नगरपालिकेच्या निवडणुकीवर डोळा ठेवून प्रभाकररावांनी भंडारा घातला, तेव्हा गाडीभर वांगे तानबाचेच गेले. उधारीची चिठ्ठी? देवाच्या कामाले चिठ्ठी मागणारा तो माणूस नव्हे. प्रभाकररावांचा तेवढा फोनवर बोलका निरोप आला होता, "वांगे पाठवून दे तानबा, पैसे पुढच्या बाजाराले देतो." मग बाजार आले अन् गेले, पैशाचं नाव नाही. चौकात फलक मात्र झळकला, महाप्रसाद प्रभाकररावांकडून!

तानबा गप्प बसला असता, पण घरात मयुरी होती ना. ही त्याची सून. वाडीतल्या भाजीपाल्यावर ती ब्लॉग लिहायची, तो वाचून वर्ध्याहून गिऱ्हाईक यायचं. तिनं सगळी हकीकत नावागावासकट तिथं लिहून काढली. शेवटी रागाच्या भरात लिहिलं, 'हा माणूस देवाच्या नावावर चोऱ्या करतो.'

झालं! वकिलाची नोटीस दारात. बदनामी केली, लेख काढा, नाहीतर कोर्टात या.

"काऊन वं बाई, गेले असते वांगे तर गेले असते!" तानबा भडकला. पण सुनेला एकटीला कसं धाडणार? शर्ट बदलून तोही तिच्यासोबत वर्ध्याच्या बसमध्ये बसला.

मेघा वकिलीणबाईंनी लेख वाचला, फोनमधला निरोप ऐकला.

"पैसे थकवले, हे दाखवता येईल. पण चोऱ्या करतो, हे कसं दाखवणार? उधारी थकवणं म्हणजे चोरी नाही. आणि खरं लिहिलं तरी केस होऊ शकते, हे लक्षात ठेवा. तारखा पडतील, हेलपाटे होतील."

मयुरीचं तोंड उतरलं. पण पोरगी सरळ. तिथंच बसून तिनं ते वाक्य काढलं आणि खाली लिहिलं, 'ते मी रागात लिहिलं होतं, चूक माझी, माफी मागते. बाकीचं सगळं खरं आहे आणि ते राहील.' माफी मागतानाही तिची मान ताठ होती. तानबाला वाटलं, अरे वा, आपल्या घरची आहे ही.

दोन दिवसांनी प्रभाकरराव स्वतः वाडीवर आले. खिशातून नोटा काढल्या.

"हे घ्या तानबाजी, सगळे पैसे. फक्त सुनेले सांगा, सगळंच खोटं होतं असं लिही म्हना. मी केस करत नाई."

विहिरीवरची मोटर जळून पडली होती, झाडं पाण्यावाचून माना टाकत होती. तानबानं नोटांकडे पाहिलं. मग सुनेकडे पाहिलं.

"सगळंच खोटं होतं? मंग हे पैसे कायचे देऊन राह्यले भाऊ?"

प्रभाकररावांचा चेहरा लालबुंद. नोटा परत खिशात गेल्या. "आता कोर्टातच भेटू," म्हणत त्यांनी गाडी काढली.

मयुरी मटकन बांधावर बसली. "मामाजी, पैसे घ्याचे होते ना. मी लिहिलं असतं."

"फोन लाव वकिलीनबाईले," तानबा म्हणाला. तिनं लावून दिला. "बाई, त्या लेखाखाली माहं नाव टाकलं तं चालते का?"

"कशाला काका? सध्या नोटीस एकट्या मयुरीला आहे. नाव टाकलंत तर तुम्हालाही ओढतील."

"एकटीले हाये, म्हनूनच इचारून राह्यलो."

फोन ठेवून तो मयुरीशेजारी मातीत बसला. तिचे डोळे भरून आले होते.

"लिही. वांगे माहे, उधारी माही. सुनेनं लिहिलं थे खरं लिहिलं, अन् मले तिचा अभिमान हाये. खाली माहं नाव टाक. पुरं टाकजो, बापाच्या नावासकट."