बकरम लावलेली बंडी

ताईच्या हातात कात्री आली आणि घरातल्या एकाही कापडाची धडगत राहिली नाही. उशांना नवे अभ्रे, पडद्यांना झालरी आणि मामाच्या जुन्या विजारीची चक्क पिशवी! आईचं शिवणकामाचं दुकान घराच्या पुढच्याच खोलीत. मामा कापड कापायचा, आई मशीनवर बसायची, आणि शाळेतून आली की ताई काजं-बटणं करायची. मग एकदा मामाने तिने शिवलेली कॉलर उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाला, "ही कार्टी आपल्या पोटावर पाय आणणार हं!" तेव्हापासून ताईचे पाय जमिनीला लागत नव्हते.

तिच्या धाकट्या भावाला सगळे भोंगा म्हणायचे. शाळेच्या बँडमध्ये तो ट्रम्पेट वाजवायचा आणि घरी सराव करून शेजाऱ्यांना सळो की पळो करून सोडायचा. वार्षिक कार्यक्रमाची सुरुवात एकट्या ट्रम्पेटने व्हायची, आणि यंदा ती सुरावट त्यालाच मिळणार हे जवळजवळ ठरलेलं. तो सातवीत, म्हणजे या शाळेतलं त्याचं हे शेवटचं वर्ष. पुढच्या शाळेत बँडच नव्हता.

आणि हाच भोंगा भर उकाड्यात स्वेटर घालून फिरायला लागला.

"काय रे, अंडी उबवतोयस?" ताई म्हणाली.

तो हसला नाही. दुकानात गिऱ्हाइकांना कपडे घालून बघायला पडद्यामागे एक कोपरा होता. तिथे तिला नेऊन त्याने शर्ट वर केला. दोन्ही बाजूंनी छाती फुगली होती.

"आत गाठ आहे. शर्ट घासला तरी ठणकते." त्याचा आवाज चिरकला. "बँडचे कपडे बदलताना पोरं चिमटे काढतात. 'मावशी, जरा सरका' म्हणतात. ताई, मी मुलगी होणारेय का?"

 ताईला यातलं काहीच माहीत नव्हतं. पण 'माहीत नाही' म्हणणं आता तिच्या स्वभावात उरलं नव्हतं.

"हॅट! एवढंसं तर आहे. फिटिंगचा प्रश्न आहे. शिवून टाकू!"

"आईला सांगू नकोस."

"गळ्याशप्पथ."

शिंप्याच्या घरातली पोर ती. कुठे काही फुगलं की आत घ्यायचं, एवढंच तिला ठाऊक. तिने दुहेरी कापडाची बंडी बेतली. कॉलर ताठ राहावी म्हणून आत घालतात ते बकरम तिने समोर लावलं आणि बाजूला हूक बसवले. भोंग्याने घालून पाहिली. छाती पाटासारखी सपाट! कितीतरी दिवसांनी तो खदखदून हसला आणि तिच्या गळ्यातच पडला. ताईला आभाळ ठेंगणं झालं.

थोड्या दिवसांनी ती बंडीही पुरेनाशी झाली. ताईने दोन्ही बाजूंनी अजून आत घेतली.

"श्वास अडकतोय गं."

"होईल सवय. नवी चप्पल नाही का चावत?"

आणि मग निवडीचा दिवस आला. त्या सुरावटीतला शेवटचा लांब सूर एका दमात न्यायचा असतो. भोंग्याचा तो दोनदा तुटला. तिसऱ्यांदा डोळ्यांपुढे अंधारी येऊन तो मटकन खाली बसला. "भोंग्याची हवा गेली!" म्हणून पोरं हसली. वारा लागावा म्हणून बँडमास्तरांनी त्याच्या शर्टाची बटणं काढली, तर आत ती बंडी. त्यांनी आईला बोलावून घेतलं.

दवाखान्यात डॉक्टरबाईंनी हूक सोडले. अंगावर लाल वळ उठले होते. त्यांनी गाठ हळुवार दाबून पाहिली, कुठली औषधं चालू आहेत का ते विचारलं आणि शेवटी हसल्या.

"वयात येताना कितीतरी मुलांना होतं हे. शरीरातली संप्रेरकं वरखाली होतात, त्यामुळे. बहुतेकांचं वर्ष-दोन वर्षांत आपोआप जातं. मी मधूनमधून तपासत राहीन. तू मुलगाच आहेस, बाळा. फक्त असं आवळून बांधायचं नाही." मग त्यांनी बंडी उजेडात धरली. "शिवण मात्र काय सुरेख आहे! कुणाची?"

आईने मागे उभ्या असलेल्या ताईकडे बोट दाखवलं. कौतुकही असं झोंबतं, हे ताईला त्या दिवशी कळलं.

घरी आल्यावर मामाने सगळं ऐकून घेतलं आणि कात्री खाली ठेवली. "अरे गाढवा, मलाही होतं की! तुझ्याएवढा असताना पोक काढून चालायचो. विचार तुझ्या आईला. केव्हा गेलं ते कळलंसुद्धा नाही."

ताई पडद्याकडे बघत राहिली. भोंग्याने शर्ट वर केला त्या दिवशी मामा पडद्याच्या अलीकडेच बसला होता, अस्तर कापत. नुसतं 'मामा, जरा ये रे' म्हटलं असतं तर?

दुसऱ्या दिवशी ती तडक बँडमास्तरांपुढे उभी राहिली. "सर, चूक माझी आहे. त्याला अजून एकदा वाजवू द्या ना."

बँडमास्तर वाईट नव्हते. "अगं, ज्याला दिलंय त्या पोराच्या आनंदाला पारावार नाहीये. त्याच्या हातातून कसं काढून घेऊ? भोंग्याला झांज देतो. येईल ना तो?"

भोंगा आला. कार्यक्रमात तो मागच्या रांगेत उभा होता. ट्रम्पेटवाल्या पोराचा लांब सूर सुरू झाला तेव्हा 'तुटू दे, तुटू दे' असं ताईच्या मनात आलं, आणि तिची तिलाच लाज वाटली. सूर काही तुटला नाही. तो संपला तिथे भोंग्याने झांज वाजवली, अगदी ठोक्यावर.

परतताना आई-मामा पुढे चालत होते.

"रडतेस काय? झांज वाईट वाजली का?"

"मस्त वाजली."

"मग?"

"मी कुणालातरी विचारायला हवं होतं रे."

"मीच नको म्हटलं होतं ना." तो सहज म्हणाला. "आणि पोरं आता मावशी म्हणत नाहीत. बँडमास्तरांनी सगळ्यांना झापलं."

त्याने चार शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं. तो बोलतच होता, आणि बोलता बोलता त्याची तीन बोटं पँटच्या शिवणीवर ट्रम्पेटच्या कळा दाबत होती. ताईने ते पाहिलं, आणि पुन्हा दिसू नये म्हणून ती भराभर पुढे जाऊन आईच्या शेजारी चालू लागली.