तिगिस्तची ज्वारी

तिगिस्त इथिओपियातल्या एका शेतकी शाळेत शिकवायची. बियाणं कसं तयार करतात ते शिकायला ती फेलोशिपवर वर्षभरासाठी हैदराबादला आली आणि तारनाक्याला हिम्मतरावांच्या वरच्या खोलीत राहिली. रेल्वेतून निवृत्त झालेल्या हिम्मतरावांनी तिला गच्ची दिली होती. तिथे मोठ्या कुंड्यांत दोन प्रकारची ज्वारी उभी होती, एक इथली आणि एक तिच्या गावची. त्यांच्या संकराचं बी तिला आपल्या विद्यार्थ्यांसाठी न्यायचं होतं.

त्यांच्यावर त्यांचाच पराग पडू नये म्हणून इथल्या ज्वारीच्या सहा कणसांतले पुंकेसर तिने चिमट्याने खुडले, वर कागदी पिशव्या बांधल्या, आणि दुसऱ्याच दिवशी डेंग्यूने आडवी झाली. हिम्मतरावांच्या पत्नी मालनबाई दवाखान्यात पेज घेऊन गेल्या, तर तापातही ती फुलांचंच बोलत होती. उद्या पराग पडला नाही तर हंगाम गेला, आणि फेलोशिप मार्चात संपणार.

घरी येऊन मालनबाई नवऱ्याला म्हणाल्या, "तुम्हीच करा की. शेतकऱ्याचे लेक आहात."

बीदरकडचं गाव सोडून हिम्मतरावांना पन्नास वर्षं झाली होती. तरी सकाळी ते गच्चीवर गेले. टाकीला टेकवलेल्या फोनमधून तिगिस्त मोडक्या हिंदीत, क्षीण आवाजात सांगत राहिली. त्यांनी तिच्या गावचं कणीस पिशवीत हळूच झटकलं. तळाशी चिमूटभर पिवळी धूळ जमली. ती इथल्या कणसांवर शिंपडताना थोडी उन्हात उडाली आणि तिथेच तरंगत राहिली. खालच्या बसचे आवाज विरत गेले. न पाहिलेल्या एखाद्या डोंगरउतारावर आपण उभे आहोत, पाती कमरेला लागताहेत, असं त्यांना वाटलं. बोटं मात्र आपोआप चालत होती.

"अंकल, हो गया?" फोनमधून आवाज आला.

"हौ," ते म्हणाले. किती वेळ गेला, त्यांना सांगता आलं नसतं.

पाच कणसं फोल गेली. सहाव्यात दाणे भरले, एकेचाळीस. बरी होऊन आलेल्या तिगिस्तने ते तळहातावर घेतले आणि एवढे पुरतील म्हणाली. कणसाला बांधलेल्या चिठ्ठीवर पराग टाकणाऱ्याचं नाव लिहायचं असतं. तिथे तिने हिम्मतरावांनाच सही करायला लावली.

जूनमध्ये तिने इथिओपियाहून पाठवलेला फोटो आला. मुलंमुली एका वाफ्याभोवती उकिडवी बसली होती, मधे बोटभर रोपं. मालनबाईंनी तो मोठा करून नवऱ्यापुढे धरला. हिम्मतरावांनी बोटाने रोपं मोजली.

"तिकडं पाऊस झाला का, विचार तिला," ते म्हणाले.