कुठली पाळी?

हॉटेलांच्या चादरी धुणाऱ्या लाँड्रीत मी मुकादम आहे. पहिली पाळी, दुसरी पाळी, रात्रपाळी, कुणाला कुठे टाकायचं ते ठरवायचं आणि वर सगळ्यांच्या शिव्या खायच्या, हे माझं काम. सवयीनं घरातही तेच चालतं. कचऱ्याची पाळी, भांड्यांची पाळी. बायको म्हणते, हे घर आहे की कारखाना? म्हणेना का. पाळी म्हटलं की माझ्या डोक्यात आधी कामच येतं.

पण त्या संध्याकाळी वाळलेले कपडे काढायला गॅलरीत गेलो आणि आतून लेकीचा फोनवरचा आवाज आला, "अगं, माझी पाळी चुकली. पोटात गोळा आलाय नुसता. बाबाला कळलं तर तो घर डोक्यावर घेईल." तेव्हा मात्र डोक्यात काम आलं नाही. हातातला टॉवेल सुटून खाली रस्त्यावर पडला.

लेक सोळा वर्षांची. घरात आम्ही तिला भिंगरी म्हणतो. बायको नर्स आहे, ती दुपारीच ड्यूटीवर गेलेली. म्हणजे जे काय असेल ते माझ्याच गळ्यात.

मागच्या महिन्यात शाळेनं पालकांना बोलावलं होतं, तेव्हा एक समुपदेशक बाई आल्या होत्या. मुलांशी शरीराबद्दल मोकळेपणानं बोला, आरडाओरडा करू नका, असं सांगत होत्या. मी शहाण्यासारखी मान डोलावली होती. आता वाटलं, बाई, ते सगळं ठीक आहे हो, पण पहिलं वाक्य कुठलं बोलायचं ते कुठे सांगितलंत?

तिच्या खोलीच्या दारात जाऊन उभा राहिलो. "भिंगरे, काही सांगायचंय का?"

तिचा चेहरा पडला. "ऐकलंस?"

"ऐकलं. किती दिवस झाले?"

"दोन."

"दोन दिवसांत काही कळत नसतं गं." हे मला कुठून माहीत, देव जाणे.

"कळतं की! तिघं गेले."

"कोण तिघं? कुठे गेले?"

"मेले, बाबा!"

मी खुर्चीत बसलो. बसलो म्हणजे पडलोच.

"मासे रे! शाळेच्या प्रयोगशाळेतले. टाकीतलं पाणी बदलायची माझी पाळी होती, आणि मी विसरले." मग तिनं माझ्याकडे नीट बघितलं. "तुला काय वाटलं?"

मला काय वाटलं ते तोंडावरच दिसत असणार. ती आधी लालबुंद झाली आणि मग उशीत तोंड खुपसून हसत सुटली. मीही हसलो. जीव भांड्यात पडला. बिचाऱ्या माशांचं वाईट वाटायला हवं होतं, पण त्या घटकेला अख्खी टाकी मेली असती तरी मला चाललं असतं.

हसू ओसरल्यावर ती म्हणाली, "आणि ती पाळी असती तर? तू काय केलं असतंस?"

खरं सांगावं की बरं सांगावं, मला कळेना. "ओरडलो असतो," मी म्हणालो. "आधी ओरडलो असतो. मग... मग माहीत नाही."

"मग मी तुला सांगितलंच नसतं." रागानं नाही, साधंच बोलली ती. म्हणून जास्त लागलं.

"मग मी काय म्हणायला हवं?"

"मला काय माहीत? बाबा तू आहेस ना?"

यापेक्षा भांडी घासलेली बरी, असं मनात येऊन मी उठलोसुद्धा. तेवढ्यात ती चादरीचं टोक पिळत म्हणाली, "तीपण चुकलीय. दोन महिने झाले. तसलं काही नाहीये, शप्पथ. कुणीच नाहीये. पण मग येत का नाही? मैत्रीण म्हणते, काहीतरी मोठा आजार असेल. आईला विचारणार होते. पण तिलाही तेच वाटलं असतं, आत्ता तुला वाटलं ते."

ओरडा अगदी घशापर्यंत आला होता. तिच्यावर, त्या मैत्रिणीवर, की आम्हा दोघांवर, ते माझं मलाच समजेना. तो गिळला. त्या बाईंचं एकही वाक्य आठवत नव्हतं.

"पोटात दुखतं का गं?" मी विचारलं.

"कधी कधी," ती म्हणाली, आणि सरकून मला बसायला जागा केली.