चौथ्या गटाचं नाव

ऐनाचं पाच पंखांचं ते वाळकं फळ बरोबर दोरीवर पडलं होतं – अर्धं चौकटीच्या आत, अर्धं बाहेर – आणि आता हे आतलं धरायचं की बाहेरचं, असल्या फालतू प्रश्नात रेश्मा मघापासून अडकून बसली होती, कारण खरा प्रश्न खिशातल्या मोबाइलमध्ये होता आणि तिकडे बघायचा तिला धीर होत नव्हता.

सकाळी दीपकसरांचा फोन आला होता. दोरीनं चौकट कशी आखायची, आतली एकेक जात कशी टिपायची, हे सगळं तिला शिकवलं ते सरांनीच. आंबेनळी घाटाखालच्या या राखीव रानातल्या साऱ्या चौकटी संगणकात भरल्या, तेव्हा सारख्या सारख्यांजवळ सरकल्या आणि गट पडले – सदाहरित झाडी, करवंदीची जाळी, कातळावरचं गवत... आणि एक चौथा, या उताराचा, कुठंच न बसणारा. “त्याला ‘अवनत’ लिहून टाक,” सर म्हणाले, “संध्याकाळी समितीकडे अहवाल जायला हवा.” अवनत, म्हणजे खालावलेलं. तसं लिहिलं की हा उतार साफ होणार, खड्डे खणून रोपं लागणार, आईची ही ऐनाची झाडं जाणार. हे रान खालावलेलं नाही, असं ती बोलली, तर सर हसून, मायेनंच म्हणाले, “तू तिथली ना, म्हणून तुला तसं दिसतं.”

मायेनं बोललेलं जास्तच लागतं मेलं. पण खरंच तसं असेल तर? म्हणूनच ती इथली एक चौकट पुन्हा आखून बघत होती.

वर ऐनावर चढून तिची आई, ठकूबाई, कोयत्यानं कवळ तोडत होती. हा पाल्याचा कवळ वाळवून वाफ्यावर पसरायचा, जाळायचा आणि त्या राबाच्या राखेत भाताचं बी टाकायचं – गावाचा हा हक्क रान राखीव होण्याच्या कितीतरी आधीचा. म्हणून इथला ऐन म्हणजे नुसतं गाठीगाठींचं खोड आणि टोकाला एक झुपका. ऐन असाच असतो, अशी लहानपणी रेश्माची खात्रीच! महाडच्या कॉलेजची सहल गेली, तेव्हा ऐसपैस फांद्या पसरलेल्या एका झाडाकडे बोट करून तिनं विचारलं होतं, “हे कुठलं झाड?” – “अगं, पोलादपूरची तू, आणि ऐन ओळखत नाहीस?” सगळे हसले, तीही हसली, आणि मग एसटीत खिडकीकडे तोंड करून... कसलं रडू होतं ते? आपलं झाड खोटं निघाल्याचं. हो, तेच.

पण संगणकाला कुठं ठाऊक होतं मी कुठली ते? त्याला ना आई माहीत, ना कोयता. कोण कुणाच्या सोबतीनं उभं आहे एवढंच त्यानं पाहिलं – ऐनाखाली ऊन पोचतं म्हणून पावसाळ्यात गवतातून वर आलेली मुसळी, तिच्याशेजारी रानहळद – आणि हा उतार अलगद बाजूला काढून ठेवला. हे वेगळं आहे, म्हणाला. आणि त्या आकडेमोडीला मी इतके दिवस निर्दयी म्हणत होते! केवढे उपकार केले तिनं माझ्यावर...

“काय गो, दोरी धरून झोपलीस काय?” आई वरून ओरडली.

“झोपतेय कुठं!” रेश्मा थट्टेनं म्हणाली, “आये, शेंड्याला लय पाला हाय, तो पण घे की.”

“खूळ लागलंय काय तुला? शेंडा राखायचा असतो. झाडाला जगायचं नाय?”

लहानपणापासून ऐकलेलं वाक्य, पण आज तो शब्द तिच्या मनात घोळत राहिला. राखायचा... राबाची राख, राखीव रान, राखलेला शेंडा. खालावलं कुठं हे? दरसाल ओरबाडलं आणि दरसाल, एका शब्दानं न विचारता, पुन्हा फुटलं. त्या राखेतला तांदूळ महाडच्या खोलीवर पोचत राहिला आणि मी शिकले. डोळे भरून आले, ते तिनं भरू दिले. मग मोबाइल काढून लिहिलं – ‘चौथा गट : राखलेलं ऐनरान’ – आणि पुन्हा न वाचता सरांना पाठवून दिलं.

खोडतीलही ते. समितीपुढं असलं नाव चालत नाही म्हणतील.

आई खाली उतरली, भारा बांधला. “हात लाव गो जरा,” म्हणाली. रेश्मानं तो आईच्या डोक्यावर न देता स्वतःच्याच डोक्यावर घेतला. मान अवघडली, पाला कानाला टोचू लागला आणि तेवढ्यात खिशात फोन वाजायला लागला – सरांचाच असणार – पण दोन्ही हात भाऱ्याला... वाजू दे. हो सर, आहे मी तिथली, ती मनाशी म्हणाली, आणि हे म्हणताना तिला भीती वाटली नाही.