विहीणबाईंचं जेवण

इंद्रजीतच्या होणाऱ्या सासूबाई कॅनडाहून आमच्या घरी जेवायला येणार होत्या. "बाबा, चार वाक्यं तरी बोला. नाहीतर त्यांना वाटेल, तुम्हाला हे लग्न पसंत नाही," असं पोरानं बजावलं होतं. म्हणून छावणीच्या बाजारातून मी इंग्रजी संभाषणाचं पुस्तक आणलं आणि महिनाभर घोकलं. पुस्तकाची मला भीती नाही. माणसासमोर तोंड उघडायची आहे.

पाहुण्यांना जेवताना 'हेल्प युवरसेल्फ' म्हणावं, असं त्यात होतं. अर्थ पाहिला, तर हवं ते आपल्या हातानं वाढून घ्या. पहिल्यांदा घरी आलेल्या विहिणीला असं कसं सांगायचं?

त्या जेवायला बसल्या आणि मी नुसतेच पाण्याचे पेले भरत राहिलो.

"तोंडात गुळणी धरली का? बोला की कायतरी," माझी बायको सरू पुटपुटली.

इंद्रजीत माझ्याकडेच बघत होता. मी वांग्याची भाजी वाढली. थोड्या वेळानं पुन्हा वाकलो, तर विहीणबाईंनी ताटावर हात आडवा धरला.

आपल्याकडे पहिला नकार कुणी खरा मानत नाही. त्यांच्याकडे मानत असतील का? पुस्तकात हे नव्हतं. भाजीचा डाव मी तसाच ताटावर धरला. शेवटी मी कसंबसं विचारलं, "इनफ?"

त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि हात बाजूला घेतला. "अ लिटल मोअर," त्या म्हणाल्या.

मी अर्धा डाव वाढला.

"लई बोललात," सरू म्हणाली. इंद्रजीतनं मात्र तेव्हा कुठं पहिला घास घेतला.